हाय नीडल कितीही उघडली तरी नायट्रो इंजिन १४५ अंशांच्या खाली येत नाही

तिसरागिअर
नमस्कार मंडळी. दोन आठवडे एकाच दुखण्यामागे लागलोय, आता सगळं तुमच्यासमोर मांडतो. लांबण लागेल, पण अर्धवट माहिती देऊन तुमचा वेळ घालवायचा नाही.

गाडी रिमोटवर चालणारी १/८ मापाची बग्गी, इंजिन ३.५ सीसी, इंधन २५ टक्के नायट्रोचं (बाकी मेथेनॉल आणि तेल). इंजिन नवं नाही. ब्रेक-इन मी स्वतः सावकाश केलं होतं, त्यानंतर पाचएक लिटर इंधन त्यातून गेलंय. एवढ्या काळात ते ११०-१२० अंश सेल्सियसच्या पुढे कधी गेलं नाही. मागच्या महिन्यात एका बैठकीत तीन कामं केली: कार्ब (कार्ब्युरेटर) उतरवून साफ केला, ग्लो प्लग (इंधन पेटवणारा प्लग) नवा टाकला आणि १३ दातांच्या क्लच बेलऐवजी (क्लचवरचं दातेरी चाक) १४ दातांची बसवली. तेव्हापासून हा ताप चढलाय.

थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. पहिली दोन-तीन मिनिटं अगदी पूर्वीसारखी जातात. चौथ्या मिनिटापासून आवाज कोरडा होतो, धूर विरळ होतो आणि सरळ पट्ट्यावरून येऊन थ्रॉटल सोडला की आयडल खाली बसत नाही, दोन-तीन सेकंद वरच लोंबकळत राहतं. थांबवून मोजलं की १४५ ते १४८. हाय नीडल (जास्त वेगात इंधन किती जायचं ते ठरवणारी सुई) थोडी थोडी करत एकूण सव्वा फेरा उघडली. तापमान उतरलं जेमतेम तीन-चार अंश. मधल्या काळात दोन प्लग जळाले. इंजिन चांगलं आहे हो, ते वाया जाऊ द्यायचं नाही. कुठून सुरुवात करू?

निळाधूर
१४५ म्हणजे लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) आहे, दुसरं काय असणार? आणखी अर्धा फेरा उघडा. शिवाय २५ टक्क्यांना तुम्ही गरम प्लग लावला असेल तर तोही बदला. थंड प्लग टाकला की पाच-सात अंश आपोआप उतरतील. माझ्या ट्रगीला असंच झालं होतं.

वळणवाट
थांबा, आधी एक विचारतो. तापमान मोजता कशाने आणि नेमकं कुठे? इन्फ्रारेड गन असेल तर ती धातूच्या पृष्ठभागावर फार फसते. बहुतेक स्वस्त गन ०.९५ इतकी उत्सर्जकता गृहीत धरून बनवलेल्या असतात. घासून चकचकीत केलेल्या अॅल्युमिनियमची उत्सर्जकता ०.१ च्याही खाली असते. म्हणजे चकाकणाऱ्या हेडवर गन धरली की खऱ्यापेक्षा कितीतरी कमी आकडा दिसतो. रंगीत अॅनोडाइज्ड हेडवर फरक बराच कमी पडतो, पण पडतो. आणि फिन्सवर वारा लागून त्या तशाही थंड असतात. गन हेडच्या वरच्या भोकातून सरळ खाली, प्लगच्या बुडाशी रोखा, रोज तितक्याच अंतरावरून. गाडी थांबल्यापासून पाच सेकंदांच्या आत.

तिसरागिअर
फिन्सवर मोजत होतो. आज तुम्ही सांगितलं तसं भोकातून प्लगपाशी मोजलं: १५६. हेडवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून क्षणात उडाला, बुडबुडायलाही थांबला नाही. प्लग गरमही नाही, थंडही नाही, मधला आहे. पूर्वीही हाच लावायचो.

सुईवाली
तिसरागिअर, आधी एक विनंती: कारण सापडेपर्यंत इंजिन पूर्ण थ्रॉटलला पळवू नका. ही इंजिनं एबीसी पद्धतीची असतात. पितळेच्या बाहीला आतून क्रोमचा थर आणि त्यात अॅल्युमिनियमचा पिस्टन. रिंग नसते. बाही वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, म्हणून थंड इंजिन हाताने फिरवताना वरच्या टोकाला पिस्टन अडकल्यासारखा वाटतो. काम करण्याच्या तापमानाला बाही फुगते आणि फट नेमकी हवी तेवढी होते. तुमच्या १५६ ला तेलाचा थर टिकत नाही, धातूवर धातू घासतो आणि तो वरचा घट्टपणा कायमचा जातो. मग गरम इंजिन सुरूच होत नाही. अजून तुमचं गरम असताना सुरू होतंय ना? मग वेळ गेलेली नाही.

आता निळाधूर यांच्या सल्ल्याबद्दल. १५६ म्हणजे लीन, इथपर्यंत पटतं. पण सव्वा फेरा उघडूनही तीन-चारच अंश उतरले, हीच खरी खूण आहे. या कार्बवर सव्वा फेरा म्हणजे भरपूर इंधन. एवढं उघडल्यावर निरोगी इंजिनाने दाट धूर सोडायला हवा, गुरगुरायला हवं, मधूनच ठसके द्यायला हवेत. तुमचं तसं काही करत नाही. म्हणजे कार्बच्या तोंडाव्यतिरिक्त दुसरीकडून हवा आत येतेय. त्या हवेवर सुईचा ताबा नसतो. तुम्ही इंधन वाढवता, ती वाट मोकळीच राहते. आयडल वर लोंबकळणं हेही त्याचंच लक्षण. आणि इंजिन तापलं की धातू व रबर कमी-जास्त फुगतात, फट मोठी होते. म्हणून पहिली तीन मिनिटं सगळं ठीक.

इंधनाने इंजिन थंड कसं होतं हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. मेथेनॉल द्रवाची वाफ होताना पेट्रोलच्या साधारण तिप्पट उष्णता शोषून घेतं, आणि ही इंजिनं ते पितातही भरपूर: वजनाने एक भाग पेट्रोलला हवा लागते १४.७ भाग, मेथेनॉलला ६.४, नायट्रोमिथेनला तर फक्त १.७, कारण ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. तेव्हा आत येणारं इंधन हेच या इंजिनाचं मोठं थंडावणारं साधन आहे, शिवाय तेलही त्याच इंधनातून येतं. लीन झालं की थंडावा आणि वंगण दोन्ही एकदम कमी पडतात. त्यामुळे अशा इंजिनाला लीनचा फटका फार लवकर बसतो.

एक चाचणी करा. इंजिन १०० अंशांच्या आसपास गरम, आयडलवर, हवा-फिल्टर जागेवर. कार्बजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबून धरा. आवाज किंचित चढून तीन-चार सेकंदांनी इंजिन बंद पडलं तर लो नीडल (कमी वेगाची सुई) बरोबर. खूप चढत गेलं आणि रेंगाळलं तर रिच (इंधन जास्त). न चढता लगेच गेलं तर लीन. काय होतं ते कळवा.

निळाधूर
सुईवाली, तुमचा मुद्दा पटला. माझ्या ट्रगीत गळती नव्हती, म्हणून सुई उघडल्यावर फरक पडला. प्लगचा मुद्दा मात्र सोडत नाही. या इंजिनांत स्पार्क नाही, प्लॅटिनमची तार मेथेनॉलच्या संपर्काने तापलेली राहते आणि दाबाबरोबर पेट घेते. रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये ग्लो प्लग बाजारात आणला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. गरम तार म्हणजे लवकर पेट, लवकर पेट म्हणजे ताप.

सुईवाली
तत्त्व अगदी बरोबर, आणि हेडखालच्या शिमबद्दलही (पातळ चकती) तेच. शिम काढली की दाब वाढतो, पेट लवकर होतो, हेड तापतं. नायट्रो वाढवलं तर ०.१ मिमीची शिम वाढवावी लागते ती याचसाठी. पण यांनी ना शिम बदलली, ना नायट्रो, ना प्लगचा प्रकार. बदललंय ते कार्बचं बसणं आणि बेल. आधी तिथे बघू. तिसरागिअर, जळालेले प्लग टाकून दिले नसतील तर तार कशी दिसते?

तिसरागिअर
दोन्ही आहेत. तार करडी, खरखरीत, एका प्लगची पिळवटून एका बाजूला झुकलेली. ओलसर चमक अजिबात नाही.

चिमटीची चाचणी केली. नळी दाबली आणि इंजिन गेलं. एक सेकंदसुद्धा नाही. आवाज चढला नाही.

सुईवाली
करडी तार आणि ही चाचणी दोन्ही एकच सांगतात. आता गळती शोधू.

फ्लायव्हील
गळती शोधाच, पण ओढीचंही बघा, ते फार जणांकडून राहून जातं. १३ ऐवजी १४ दात म्हणजे गिअरिंग साडेसात टक्क्यांच्या वर उंच झालं. छोट्या वळणावळणाच्या ट्रॅकवर इंजिन त्याच्या ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही, सतत ओझ्याखाली कण्हत राहतं. आणि हे करून बघा: इंजिन बंद, गाडी हातात, थ्रॉटल मोकळा. चाकं फिरवली तर क्लच बेल इंजिनाशिवाय सहज फिरते का? ब्रेकचे पॅड डिस्कला चिकटलेले नाहीत ना? एक मिलिमीटरभर सरकलेल्या ब्रेकच्या काडीपायी इंजिन तापताना मी पाहिलंय. अख्खी फेरी ब्रेक दाबून गाडी पळवल्यासारखं होतं ते.

तिसरागिअर
बेल मोकळी फिरते. ब्रेक मात्र... चाक ढकललं तर जेमतेम दीड फेरा फिरून थांबतं. पुढचा पॅड डिस्कला टेकलेला आहे. डिस्कवर निळसर झाक पण आहे, ती मी आजवर लक्षातच घेतली नव्हती. काडीचा कॉलर सैल करून मोकळा केला, आता पाच-सहा फेरे फिरतं.

सुईवाली, गळतीची पद्धत सांगाल का? पूर्वी कधी केलेली नाही.

सुईवाली
इंजिन गाडीतून उतरवा, बाहेरून चांगलं साफ करा. एक्झॉस्टच्या तोंडात रबरी बूच घट्ट बसवा. कार्बवरची इंधनाची निपल बंद करा. हवा-फिल्टर काढून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कार्बच्या तोंडाला हवाबंद बसेल अशी नळी लावा. त्या नळीतून मोठ्या सिरिंजने हळू हवा भरायची. तोंडाने फुंकायचं नाही, कृपा करून. मेथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर डोळ्यांवर परिणाम करतं, आणि त्याची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही. हे सगळं उघड्यावर करा, ग्लो इग्नायटर लांब ठेवा.

मग साबणाचं पाणी ब्रशने लावत जा: कार्बची मान जिथे क्रँककेसमध्ये बसते तिथे, लो नीडलच्या ओ-रिंगपाशी (गोल रबरी कडं), बॅकप्लेटच्या (केसचं मागचं झाकण) कडेने, हेडच्या खाली, पुढच्या बेअरिंगपाशी. क्रँक हाताने हळूहळू फिरवत राहा, म्हणजे हवा केसमध्येही उतरेल. पुढच्या बेअरिंगमधून थोडेसे बुडबुडे आले तर घाबरू नका, तिथून पूर्ण हवाबंद नसतंच. बाकी कुठेही बुडबुडा नको. काम झालं की पाणी लगेच पुसा, कोरडं करा आणि आफ्टर-रन तेल (चालवून झाल्यावर इंजिनात सोडायचं तेल) सोडा, नाहीतर बेअरिंग गंजतील.

तिसरागिअर
सापडलं.

बॅकप्लेट कोरडी. हेड कोरडं. कार्बच्या मानेला ब्रश लावून सिरिंज दाबली आणि मानेच्या डाव्या बाजूने, एकाच जागेवरून, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ निघाली. सिरिंज सोडली की थांबायची, दाबली की पुन्हा सुरू. चार-पाच वेळा करून पाहिलं, जागा तीच.

कार्ब उतरवला. खालची ओ-रिंग दिसायला ठीक वाटली. बोटाने फिरवत भिंगाखाली धरली तेव्हा एका ठिकाणी नखाने ओरखडावं तसा काप दिसला, तिरपा, आणि कापाजवळ रबराची एक पातळ चकती सुटून उभी राहिलेली. मागच्या महिन्यात कार्ब बसवताना ती कोरडीच ठेवून मी कार्ब जोर लावून दाबला होता. भोकाच्या कडेने ती कापली गेली. कडेची धारही बोटाला टोचते.

वळणवाट
वा, शोध नेमका लागला. नवी ओ-रिंग बसवताना तिला आधी इंधनाचं किंवा आफ्टर-रन तेल लावा, कार्ब सरळ खाली न ठोसता थोडा फिरवत बसवा. भोकाची ती धार बारीक पॉलिश पेपरने एकच हात मारून मोडा. पण कीस केसमध्ये पडता कामा नये, भोकात आधी तेल लावलेला बोळा ठेवा. कार्ब खाली दाबून धरलेल्या स्थितीतच कॉलरचा बोल्ट आवळा.

सुया मात्र मूळ जागी आणा. गळतीसकट लावलेली जागा आता काही कामाची नाही. मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे घ्या आणि तिथून रिच बाजूने सुरुवात करा.

पहिलीफेरी
मी नवीन आहे, वाचतोय. एक शंका विचारू का? आमच्याकडे सगळे म्हणतात की दुपारच्या उन्हात इंजिन तापतं म्हणून सुई उघडायची. बरोबर ना?

सुईवाली
विचारा की, धाग्याच्या विषयातलंच आहे. नेमकं उलट होतं. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी. सुई तशीच ठेवली तर त्या हवेला इंधन जास्त पडतं, म्हणजे इंजिन आपोआप थोडं रिच होतं. दमट हवेतही तसंच, आणि उंचावरही. सकाळच्या थंड, दाट हवेत मात्र तीच सुई लीन ठरते. म्हणून धोक्याची वेळ ती: आदल्या दुपारी अगदी काठावर ट्यून केलेली गाडी दुसऱ्या दिवशी थंड सकाळी तशीच ट्रॅकवर सोडायची. सकाळी पहिल्या टाकीला हाय नीडल अष्टमांश फेरा उघडून सुरू करत जा, मग ऐकत ऐकत बंद करत या.

दुपारी हेड थोडं जास्त तापलेलं दिसेल, कारण थंड करणारी हवाच गरम आहे. तो आकडा पाच-सात अंशांनी वर असला आणि धुराची रेघ नीट असली तर सुईला हात लावू नका. त्याऐवजी बॉडीची काच कापून हेडवर वारा येऊ द्या. आणि मागे बाहेर पडायची वाटही ठेवा. फक्त पुढून कापलं तर आत गेलेली हवा कोंडून बसते.

पहिलीफेरी
धन्यवाद! मी नेमकं उलट करत होतो.

तिसरागिअर
नवी ओ-रिंग, मोकळा ब्रेक, मूळ जागी सुया. बेल अजून १४ दातांचीच ठेवली आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणून.

पहिली टाकी मुद्दाम रिच: ९६ अंश, दाट धूर, कोपऱ्यांतून बाहेर पडताना गुरगुर. मग हाय नीडल बाराव्या भागाने बंद करत गेलो. तिसऱ्या टाकीला सरळ पट्ट्यावर आवाज मोकळा झाला, मागे निळसर धुराची रेघ कायम. १२४ अंश. थ्रॉटल सोडला की आयडल एका झटक्यात खाली बसतं. चिमटीत नळी दाबली तर तीन सेकंद. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून फार बरं वाटलं.

पण एक राहिलंय. टाकीतलं इंधन पाव भागावर आलं की पुन्हा आवाज कोरडा पडतो. शेवटच्या मिनिटात मोजलं तर १३७. भरून आणली की परत १२४.

फ्लायव्हील
मग इंजिन सोडा, टाकी बघा. एक्झॉस्ट पाईपमधून येणाऱ्या दाबाने इंधन कार्बकडे ढकललं जातं. टाकी भरलेली असते तेव्हा इंधनाची पातळी उंच असते, थोडा दाब सुटला तरी चालून जातं. रिकामी होत आली की सगळी भिस्त त्या दाबावर. झाकणाचं रबर, प्रेशरची नळी, पाईपवरची निपल, टाकीतला फिल्टर, हे चार बघा. निपलमध्ये काजळी-तेलाचा गोळा बसतो, बारीक तारेने मोकळी करा.

वळणवाट
टाकी उतरवून इंधनाची नळी दुमडा, प्रेशरच्या नळीला सिरिंज लावा आणि टाकी पाण्यात बुडवून हळू दाब द्या. झाकणाकडे बघत राहा. नंतर आतून मेथेनॉलने धुऊन पूर्ण वाळवा, पाण्याचा थेंबही राहायला नको.

तिसरागिअर
निपल मोकळी होती. फिल्टर साफ. टाकी पाण्यात धरली आणि बिजागरीच्या बाजूने झाकणाखालून बुडबुडे, सावकाश, दोन सेकंदांना एक. झाकणाचं रबर काढलं तर बिजागरीकडची बाजू चपटी आणि कडक झाली होती, पुढची बाजू अजून मऊ. नवं रबर बसवलं.

निळाधूर
छान चाललंय. गाडी थांबवता कशी, हे विचारायचं राहिलं. इंधनाची नळी दाबून बंद करत असाल तर ती सवय सोडा. शेवटचे दोन सेकंद इंजिन सगळ्यात लीन आणि सगळ्यात गरम असतं, तेही तेलाशिवाय. जाड फडका घडी करून पाईपचं तोंड दाबून धरा, किंवा फ्लायव्हीलच्या खालून बूट टेकवा. त्याआधी अर्धा मिनिट आयडलवर थंड होऊ द्या.

तिसरागिअर
नळी दाबूनच बंद करायचो. आजपासून फडका.

आज चार टाक्या चालवल्या. सुरुवातीला १२१, अर्ध्यावर १२४, पाव भागावर १२५, शेवटच्या मिनिटात १२६. नंतर १३ दातांची जुनी बेल परत बसवून आणखी एक टाकी: शेवटी ११८, आणि लहान वळणांतून गाडी जास्त चपळ निघते. १४ ची पेटीत ठेवली, मोठा मोकळा ट्रॅक मिळाला तर वापरेन.

हेड उघडून बाही पाहिली. वरच्या भागात दोन बारीक उभे ओरखडे आहेत, नखाला जेमतेम लागतात, क्रोम सुटलेलं नाही. थंड असताना पिस्टन अजूनही वरच्या टोकाला नीट अडकतो. कार्बच्या भोकाची धार मोडली, जादा ओ-रिंगा तेलाच्या डबीत घालून ठेवल्या. सुईवाली, वळणवाट, फ्लायव्हील, निळाधूर, तुमचे मनापासून आभार.

सुईवाली
नखाला जेमतेम लागणारे ओरखडे असतील तर इंजिन अजून पुष्कळ चालेल. पुढच्या दोन-तीन टाक्या थोड्या रिचच ठेवा आणि दर टाकीनंतर थंड झाल्यावर पिस्टनचा तो घट्टपणा हाताने तपासत जा. कमी होतोय असं वाटलं तर इथेच लिहा.